पाटी वाइनची, गर्दी व्हिस्कीची

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडपासून शंभर पावलांवर एक पाटी हमखास दिसते : अमुक वाइन्स किंवा तमुक वाइन शॉप. दर्शनी भागाला लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी खिडकी आणि आत काउंटरवर सुट्टे पैसे मोजणारा गडी. संध्याकाळी सातनंतर त्या खिडकीशी जी गर्दी लोटते, तिच्यात वाइन मागणारा एखादाच. क्वार्टर, हाफ, खंबा ही तिथली परिभाषा. व्हिस्की, रम आणि थंडगार बीअर हा तिथला खपणारा माल. वाइन असलीच तर वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या अगदी जवळ, गोड पोर्टच्या दोन बाटल्या आणि नाशिकची एखादी रेड. खांद्यावर धुळीचा थर. जिच्या नावाने दुकान, तिलाच दुकानात बूड टेकायला जागा नाही.

सरकारी कागदावरचा प्रकार याहून मजेशीर. हे दुकान ज्या परवान्यावर चालते तो 'विदेशी मद्य' विक्रीचा. म्हणजे नाशिककडच्या दिंडोरीच्या मातीत पिकलेले द्राक्ष तिथल्याच टाकीत आंबवून बाटलीत भरले, तरी ती बाटली विदेशी मद्याच्या दुकानातून गिऱ्हाइकाच्या हाती पडते. गेली पंचवीस वर्षे राज्य सरकार या वाइनला शेतमाल म्हणून पुढे ढकलू पाहते आहे आणि तेच सरकार दारू म्हणून तिचा पदर मागे ओढून धरते आहे. स्थानिक वाइनला उत्तेजन देण्याची गोष्ट म्हणजे मुख्यतः या ओढाताणीची गोष्ट.

पण आधी द्राक्षाकडे जायला हवे, कारण या विषयावरच्या चर्चेत सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. नाशिक म्हणजे द्राक्षे, द्राक्षे म्हणजे वाइन. तेव्हा बाजारात न खपलेली द्राक्षे वाइनरीत जातील आणि बागाइतदार सुखी होईल, असे गणित विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत मांडले जाते. बागेत उभे राहिले की ते चुकते.

फेब्रुवारीतली पहाट. दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात अंगावर काटा येईल अशी थंडी असते. वाइनच्या बागेत मजूर उजाडण्याआधीच कात्र्या घेऊन उभे राहतात, कारण ऊन चढले की तोडलेले मणी तापतात, क्रेटमध्येच आंबू लागतात आणि व्हाइट वाइनचा वास बिघडतो. शिरा किंवा कॅबरने सॉव्हिन्याँचा घड हातात घेतला, तर आपल्या डोळ्यांना तो किरकोळच वाटतो. मणी करवंदाएवढे, काळेभोर, साल जाड, आत दोन-तीन कडवट बिया. तोंडात टाकला तर गोडी मात्र अशी की दातांना जाणवावी. रसातल्या साखरेचे माप ब्रिक्समध्ये घेतात. खायच्या द्राक्षाची तोड सोळा-अठरा ब्रिक्सला करतात. वाइनचे द्राक्ष बावीस-चोवीसपर्यंत वेलीवर ठेवतात, कारण साखरेचेच पुढे अल्कोहोल व्हायचे असते.

शेजारच्या बागेतल्या थॉमसन किंवा सोनाकाचा थाट निराळा. तिथे मणी लांबट, फुगीर, बिनबियांचा आणि पातळ सालीचा हवा. त्यासाठी घडाची विरळणी करायची, जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात घड बुडवायचे, एकरी दहा-बारा टन माल काढायचा. वाइनच्या बागेत उलटे : एकरी उत्पादन मुद्दाम चार-पाच टनांवर रोखायचे, म्हणजे रसाला कस येतो. थॉमसनची वाइन होते, पण पाणचट. शिराचा घड फळबाजारात नेला तर कोणी ढुंकून पाहणार नाही. एका बाजारात पडलेला माल दुसऱ्या बाजारात वळवायची सोय इथे नाही. वाइनचे द्राक्ष लावणारा शेतकरी लागवडीच्या दिवशीच आपले गिऱ्हाईक ठरवून बसलेला असतो आणि वेलीला पुरता माल लागायला तिसरे वर्ष उजाडते.

देशातल्या द्राक्षांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक महाराष्ट्रात पिकतात. त्यांतला वाइनचा वाटा अगदी किरकोळ; बाकीची खाण्यासाठी, निर्यातीसाठी आणि तासगाव-सोलापूरकडे बेदाण्यासाठी. म्हणून वाइनचे धोरण म्हणजे द्राक्ष बागाइतदारांचे धोरण, हे म्हणणे फार तर शे-दीडशे गावांपुरते खरे धरता येईल.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात उठते आणि द्राक्षतोड सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. दख्खनच्या पठारावर वेलीला झोपच नाही. म्हणून इथे एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची, ऑक्टोबरात फळछाटणी करायची आणि पीक घ्यायचे जानेवारी ते मार्च. पावसाळा टाळण्यासाठी घातलेली ही उलटी घडी आपल्या बागाइतदारांनी अनुभवाने बसवली. फ्रान्स-कॅलिफोर्नियातून आलेल्या वाइनतज्ज्ञांनाही ती इथे येऊन शिकावी लागली.

आधुनिक महाराष्ट्रात वाइनचा धंदा सरकारी उत्तेजनाची वाट पाहत थांबला नव्हता. शामराव चौगुले यांनी 1980च्या दशकात नारायणगावला शँपेनच्या धर्तीची फसफसणारी वाइन काढली. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशी जाऊ लागली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या बहुतेकांना नारायणगाव ठाऊक होते ते टोमॅटो आणि तमाशाच्या फडांसाठी. पुढे 1990च्या दशकात राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले आणि नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या बाजूला, घरच्या जमिनीवर सॉव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जाती लावल्या. केरी डॅम्स्की हा कॅलिफोर्नियाचा वाइनतज्ज्ञ त्यांच्या मदतीला होता. त्यांच्या 'सुला' या कंपनीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. द्राक्ष उत्तम, हवा बरी, माणसे कष्टाळू; अडत होते ते परवाने आणि करांपाशी. वाइनरीला लागू होणारे नियम मुळात मळीपासून दारू गाळणाऱ्या कारखान्यांसाठी घडवलेले होते.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर 2001मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. नावातच चतुराई आहे. त्यात 'मद्य' नाही, 'वाइन'ही नाही. आहे ते द्राक्ष, प्रक्रिया आणि उद्योग. महाराष्ट्रात पिकलेल्या द्राक्षापासून महाराष्ट्रात केलेल्या वाइनला उत्पादन शुल्क माफ झाले. माफी आधी 10 वर्षांची होती, पुढे ती वाढवण्यात आली. विक्रीकर 20 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणला. वाइनरीला लघुउद्योगाच्या सवलती मिळाल्या, परवान्याची फी उतरली. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला औद्योगिक विकास महामंडळाने वाइन पार्क आखले.

अशी सवलत हिंदुस्थानात त्याआधी कुठल्या राज्याने दिली नव्हती, आणि तिचा परिणाम दिसायला फार वेळ लागला नाही. नाशिक-सांगली-पुणे-सोलापूर पट्ट्यात एकामागून एक वाइनऱ्या उभ्या राहिल्या. डॉक्टर, बिल्डर, पाच-दहा बागाइतदारांचे गट, सगळे उतरले. अकलूजजवळ मोहिते-पाटील घराणे, दिल्लीचे सेक्री बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी मिळून फ्रातेल्ली काढली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ 'भाऊ'; तीन घरांतले भाऊ एकत्र आले म्हणून हे नाव. माळशिरस तालुक्यातल्या माळावर इटालियन सांज्योव्हेसेची वेल वाढावी, ही गोष्ट कागदावर हास्यास्पद वाटली असती. तिची वाइन आज मोठ्या हॉटेलांत मिळते.

सरकारने वाइन बनवणे सोपे केले. ती विकणे मात्र जवळपास होते तसेच राहिले. धोरणातली ही फट 2008च्या अखेरीस उघडी पडली.

जागतिक मंदी आली, पाठोपाठ 26 नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला. त्या काळी वाइनचा खप मुख्यतः मुंबई, पुणे, गोवा, बंगळूर अशा शहरांतल्या हॉटेलांवर आणि परदेशी पाहुण्यांवर अवलंबून होता. हॉटेले रिकामी पडली आणि टाक्या भरलेल्या राहिल्या. पुढच्या हंगामाची द्राक्षे वेलीवर तयार, पण टाक्यांत आधीचीच वाइन. मग नवा माल घ्यायचा कोणी आणि कशात? वाइनरीने पाठ फिरवलेले शेतकरी घड हातात धरून बसले. फळबाजार त्यांना विचारत नव्हता. कित्येकांनी वाइनच्या जातींचे खोड कापून त्यावर खाण्याच्या द्राक्षाचे कलम बांधले, काहींनी बागच उपटली. नोव्हेंबर 2009च्या अवकाळी पावसाने डावणी या बुरशीरोगाचा कहर केला आणि उरलेसुरले बळही गेले. नारायणगावच्या ज्या कंपनीपासून ही कहाणी सुरू झाली, तीही कर्जात बुडाली. विंचूरच्या पार्कातले भूखंड बरीच वर्षे अपेक्षेइतके भरले नाहीत.

वाइनरी काढणे आणि वाइन विकणे हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्याला अनुदान, भूखंड आणि कर्ज पुरते. दुसऱ्याला पिणारा लागतो, त्याला चव लागावी लागते आणि चव लागायची तर बाटली त्याच्यापर्यंत नीट पोहोचावी लागते. तेवढे शासन निर्णयाने होत नाही.

याच मंदीच्या काळात सरकारने एक नवी युक्ती योजली. वाइनवर मूल्यवर्धित कर 20 टक्के ठेवायचा, वाइनरीने तो भरायचा आणि त्यातले 16 टक्के सरकारने तिला परत करायचे. म्हणजे खरा कर पुन्हा 4 टक्केच. मग सरळ 4 टक्केच का लावू नये? तसे केले तर सवलत युरोपच्या आणि परराज्यांच्या वाइनलाही मिळेल. परतावा मात्र इथल्या द्राक्षाची इथे वाइन करणाऱ्यालाच देता येतो. योजना सुबक आहे, पण पैसा आधी जातो आणि परत यायला वेळ लागतो. सुलासारख्या मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात हा परतावा उत्पन्नाची वेगळी ओळ म्हणून दिसतो. छोट्या वाइनरीला तो वेळेवर न मिळणे म्हणजे पुढच्या हंगामात शेतकऱ्याचे पैसे थकणे. मधल्या काळात योजना काही वर्षे थांबली आणि मग पाच वर्षांसाठी पुन्हा सुरू झाली. या खंडाचा फटका कोणाला बसला असेल, ते वेगळे सांगायला नको.

शिवाय 2017मध्ये जीएसटी आला, तेव्हा मद्य त्याच्या बाहेर ठेवले गेले. राज्यांना हे उत्पन्न सोडायचे नव्हते. परिणाम असा की वाइनरीला काचेची बाटली, लेबल, खोका आणि यंत्र यांवर जीएसटी भरावा लागतो, पण वाइनवर तो नसल्यामुळे भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. राज्याची हद्द ओलांडली की आणखी गंमत. मद्य हा राज्यांच्या यादीतला विषय. नाशिकची बाटली दिल्लीत विकायची तर तिथे लेबलची वेगळी नोंदणी, वेगळी फी, वेगळे शुल्क. कर्नाटकाने 2007मध्ये आपले स्वतंत्र द्राक्ष व वाइन धोरण आणले, वाइन मंडळ काढले आणि नंदी हिल्सच्या परिसरातल्या द्राक्षाला सवलती दिल्या. प्रत्येक राज्य आपापल्या वेलीभोवती कुंपण घालते आणि देशभर माल विकू पाहणारी वाइनरी त्या कुंपणांवरून उड्या मारत राहते.

महाराष्ट्राचे कुंपण थेट युरोपच्या डोळ्यांत सलले. सप्टेंबर 2008मध्ये युरोपीय समुदायाने जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार नोंदवली आणि तीत महाराष्ट्र व गोवा यांच्या आयात वाइन-मद्यावरच्या करांचा नावानिशी उल्लेख होता. निफाडच्या शेतकऱ्यासाठी आखलेली सवलत जिनीव्हाच्या दप्तरात जाऊन बसली, हा योग दुर्मीळच. केंद्राचे सीमाशुल्कही बाहेरच्या वाइनला बरीच वर्षे 150 टक्के होते. आता ते ढासळू लागले आहे. डिसेंबर 2022मध्ये लागू झालेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात 5 डॉलरहून महाग बाटलीवरचे शुल्क 100 टक्क्यांवर आले आणि टप्प्याटप्प्याने 50 टक्क्यांवर उतरायचे आहे. 15 डॉलरच्या वरच्या बाटलीवर ते आणखी कमी. स्वस्त बाटलीला यातून वगळले आहे. ती भिंत मुख्यतः नाशिकसाठीच राखली, असे म्हणायला हरकत नाही.

वाइनचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला प्रसंग मात्र कराचा नव्हता. तो होता एका कपाटाचा.

27 जानेवारी 2022 रोजी महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. अटी बारकाईने घातल्या होत्या. दुकान किमान 100 चौरस मीटरचे हवे. शाळा आणि प्रार्थनास्थळे यांच्या जवळ नको. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत मुळीच नको. परवान्याची फी वर्षाला 5 हजार रुपये. आणि वाइन ठेवायची ती दुकानभर नव्हे, तर सव्वादोन घनमीटरच्या एका कपाटात. दीड मीटर रुंद, अडीच मीटर उंच आणि साठ सेंटीमीटर खोल असे कपाट केले तर हा आकडा बरोबर येतो. घरातली गोदरेजची दोन-अडीच कपाटे शेजारी शेजारी लावली तर होईल, एवढी ती जागा.

त्या कपाटावरून राज्य पेटले. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी महाराष्ट्राचे 'मद्यराष्ट्र' होऊ देणार नाही, असे बजावले. अण्णा हजारे यांनी 14 फेब्रुवारीपासून राळेगणसिद्धीत बेमुदत उपोषणाचा इशारा दिला. लोकांची मते मागवूनच पुढे जाऊ, असे सरकारकडून सांगण्यात आले, गावकऱ्यांनी आग्रह केला आणि उपोषण स्थगित झाले. उलट बाजूने संजय राऊत यांनी वाइन म्हणजे दारू नव्हे असे सांगितले आणि शेतकऱ्यांचे हित पुढे केले. किराण्याला गेलेली बाई तांदळाबरोबर बाटली घेऊन येईल का, पोरे बघतील त्याचे काय, यावर घराघरांत वाद झाले. गोव्यातल्या वाण्याच्या दुकानात वाइन मिळते, तिथे काय बिघडले, हा प्रतिप्रश्नही झाला. नियमांचा मसुदा हरकतींसाठी जाहीर झाला, जूनमध्ये सरकार पडले, आणि पुढे आलेल्या सरकारनेही ते कपाट उघडले नाही. निर्णय रद्द झाल्याची दवंडी नाही की अंमलबजावणीही नाही.

या वादात दोन्ही बाजूंनी बरेच काही ताणून सांगितले गेले. वाइन ही दारू नव्हे, हे विधान साध्या त्रैराशिकापुढे टिकत नाही. वाइनचा एक पेला म्हणजे 150 मिली. साडेबारा टक्क्यांनी त्यात सुमारे 19 मिली अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्कीत ते 42.8 टक्के, म्हणजे 45 मिलीच्या दीड पेगात तेवढेच. यकृताला लेबल वाचता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023मध्ये अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे; तेव्हा 'रेड वाइन हृदयाला चांगली' ही पुडीही आता बाजूला ठेवावी. राज्यघटनेचे 47वे कलम राज्याला मादक पेयांच्या बंदीसाठी झटायला सांगते, तेही वाइनला सूट देत नाही.

दुसऱ्या बाजूचे खोटेही तेवढेच. ज्या गावात देशी दारूचे दुकान आहे, हातभट्टी आहे आणि बीअर शॉपीत कडक बीअर थंड करून मिळते, तिथे सहाशे-सातशे रुपयांच्या वाइनमुळे घरे उद्ध्वस्त होतील, हे भय वस्तुस्थितीला धरून नाही. देशात प्यायल्या जाणाऱ्या एकूण मद्यात वाइनचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. आणि शेतकऱ्याचे म्हणाल तर त्या कपाटाने वाइनचे द्राक्ष पिकवणारे काही हजार एकर सावरले असते. राज्यातला द्राक्ष बागाइतदार सावरला नसता. त्याची दुखणी म्हणजे अवकाळी पाऊस, औषधांचा खर्च आणि पैसे बुडवून पळणारा व्यापारी. कपाटातली बाटली यांतल्या एकावरही उतारा नव्हती.

सरकारने फारसे काही न करता जे घडले, त्यानेच वाइनला गिऱ्हाईक मिळवून दिले. ते म्हणजे पर्यटन. सुलाने 2005च्या सुमाराला वाइनरीतच चव घेण्याची खोली उघडली, 2008पासून संगीतमहोत्सव भरवला आणि मुंबईहून शनिवार-रविवार काढायला येणाऱ्या तरुण जोडप्यांची रांग लागली. सोमेश्वर, त्र्यंबकेश्वर, पंचवटी आणि मग गंगापूर रोडची वाइनरी, असा कार्यक्रम आखणारी कुटुंबे आज नाशिककरांना नवी नाहीत. आजी-आजोबा बाहेर ओट्यावर पिझ्झा खात बसतात, मुलगा-सून आत सहा प्रकारच्या वाइन चाखतात. तिथला माणूस पेला तिरका धरून रंग बघायला सांगतो, फिरवून वास घ्यायला सांगतो. पेरूचा वास आला का, मिरीचा आला का, असे विचारतो. निम्म्यांना काही येत नाही, पण ते मान डोलावतात आणि निघताना दोन बाटल्या घेतात. इथे जाळी नाही, खिडकी नाही, ओशाळे होऊन वर्तमानपत्रात बाटली गुंडाळणे नाही. वाइनरीला स्वतःच्या आवारात वाइन पाजण्याचा आणि विकण्याचा परवाना मिळाला, हाच बहुधा सगळ्या धोरणातला सर्वांत फलदायी कागद ठरला.

पर्यटन महामंडळाने गंगापूर धरणाच्या काठी आपल्या रिसॉर्टचे नावच 'ग्रेप पार्क' ठेवले. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळाले. भारत 2011मध्ये द्राक्ष आणि वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य झाला. फ्रान्सच्या शँदोंने दिंडोरीत वाइनरी काढली. सुलाचा शेअर डिसेंबर 2022मध्ये 357 रुपयांना बाजारात आला. आणि जून 2025मध्ये राज्याने तिजोरी भरण्यासाठी विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क घसघशीत वाढवले, तेव्हा वाइन आणि बीअरला त्यातून वगळले.

वाइन म्हणजे द्राक्षाचीच, ही समजूतही आता सैल होते आहे. डहाणूजवळच्या बोर्डीत चिकूची वाइन होते. घोलवडच्या चिकूला मानांकन आहे, पण तो दोन दिवसांत मऊ पडतो. त्याला टाकीत घालणे हा खराखुरा तोडगा आहे. महाबळेश्वरी स्ट्रॉबेरीची वाइन निघाली. पुण्यात मध आंबवून मीड तयार करणारा कारखाना उभा राहिला आणि त्यासाठी राज्याला नियमांत या पेयाला जागा करून द्यावी लागली, कारण कायद्यात मधाच्या वाइनला खानाच नव्हता. द्राक्षाच्या बाबतीत जे होत नाही ते इथे होते : खाण्याचा चिकू आणि वाइनचा चिकू एकच. बाजारात न खपलेले फळ वाइनरीत नेता येते. शेतकऱ्याच्या नावाने जो युक्तिवाद नाशिकच्या द्राक्षासाठी केला गेला, तो खरे तर बोर्डीला जास्त लागू पडतो. तिथे मात्र वाइन पार्क आखलेला नाही.

संशोधनाची बाजू शांतपणे चालू आहे. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997पासून खुंट, जाती आणि रोग यांवर काम करते. तिथली 'मांजरी मेडिका' ही गडद रंगाची जात रसासाठी म्हणून पुढे आली. आघारकर संशोधन संस्थेची 'एआरआय-516' ही संकरित जात बुरशीला बरीच दाद न देणारी आहे आणि रस, मनुका, वाइन अशा तिन्हीला चालते. नाशिकच्या वाइनला फ्रान्सच्या जातींवर किती काळ विसंबायचे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा अशाच प्रयोगांच्या बागांतून येईल. विधिमंडळात त्यावर कोणी घोषणा देत नाही, हे बरेच आहे.

एप्रिलमध्ये एसटी स्टँडजवळच्या त्या दुकानात पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याखाली, ट्यूबलाइटच्या शेजारी ठेवलेली वाइन अशा उन्हाळ्यात शिजते. आतला फळांचा वास उडून जातो आणि जॅमसारखा जळका गोडवा उरतो. एखादे नवखे गिऱ्हाईक घरी पाहुणे आलेत म्हणून खिडकीशी येते आणि वाइन मागते. गडी आधी त्याच्याकडे बघतो, मग विचारतो, "रेड की व्हाइट?" स्टुलावर चढून बाटली काढतो, फडक्याने पुसतो, आणि सवयीने काळ्या पिशवीत घालून जाळीतून बाहेर सरकवतो. त्याच दिवसांत दिंडोरीकडे खरड छाटणी चालू असते. वाइनरीशी दहा-बारा वर्षांचा करार केलेला शेतकरी कात्री घेऊन एकेका काडीवर किती डोळे ठेवायचे ते मोजत असतो, आणि गेल्या हंगामाच्या पैशांतला शेवटचा हप्ता जमा झाला का, हे मधूनच मोबाइलवर बघत असतो.